घटक सगळे आहेत, तरी गोष्ट मध्येच का सुटते?

प्रश्न थोडक्यात असा: कथेत पात्रं आहेत, संघर्ष आहे, शेवटी कलाटणीही आहे, तरी वाचणारे म्हणतात, 'लिहिलंय छान, पण मध्येच कंटाळा आला.' कथारचनेचे मूलभूत घटक नेमके कोणते, आणि ते सगळे असूनही काय कमी पडतं?

घटकांची यादी कोणीही सांगेल: कथानक, पात्रं, संघर्ष, स्थळकाळ, निवेदकाचा दृष्टिकोन, आशयसूत्र. यादीत चूक काही नाही. पण कंटाळवाण्या कथेतही हे सगळं असतंच. एका घटनेतून दुसरी घटना निघते की नाही, तिथे बहुतेक कथा अडकलेल्या असतात. म्हणून या उत्तरात सांध्यांबद्दल जास्त लिहितो, यादीबद्दल कमी.

आधी एक फरक डोक्यात पक्का करून घ्या. गोष्टीत जे घडलं त्याचा काळानुसार क्रम वेगळा आणि ते वाचकाला ज्या क्रमाने कळतं तो क्रम वेगळा. 1920च्या दशकातल्या रशियन समीक्षकांनी पहिल्याला 'फाबुला' आणि दुसऱ्याला 'स्युझेट' म्हटलं. नावं विसरलात तरी चालेल, पण दोन क्रम दोन कागदांवर लिहा. तारखेप्रमाणे मांडलेल्या पहिल्या कागदावरच घटना एकमेकींना धरून नसतील, तर पुढची पानं मागे आणि मागची पुढे करून काही होत नाही. फ्लॅशबॅकने सुरुवात करून कथा 'इंटरेस्टिंग' करण्याचा जो प्रयत्न होतो, तो बऱ्याचदा हा पहिला दोष झाकण्यासाठी असतो, आणि तो झाकला जात नाही.

घटना एकमेकींना धरून आहेत का, हे तपासायची पद्धत सोपी आहे. प्रत्येक प्रसंग एका ओळीत, वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. ओळीत कर्ता हवा आणि क्रियापद हवं. 'ऑफिसमधलं वातावरण' ही ओळ होत नाही. मग चिठ्ठ्या ओळीने मांडून प्रत्येक दोन चिठ्ठ्यांमध्ये एकच शब्द टाका: 'मग', 'म्हणून' किंवा 'पण'. एकामुळे दुसरं घडणं आणि एकानंतर दुसरं घडणं यांत फार अंतर आहे, हे ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात सांगून ठेवलंय, आणि कथेची तपासणी आजही तिथूनच सुरू करावी लागते. सलग तीन 'मग' आले की वाचक सुटतो तो तिथेच.

एक नमुना घेऊ. शालिनी एका कार्यालयात आस्थापना विभाग सांभाळते. तुकाराम नावाचा शिपाई महिनाअखेर निवृत्त होणार आहे. पहिला खर्डा साधारण असा असतो:

१. शालिनी सकाळी कार्यालयात येते.
२. तुकाराम पेन्शनचे कागद घेऊन येतो.
३. शालिनीला कळतं की तिचं नाव बढतीच्या यादीत आहे.
४. तुकारामच्या सेवापुस्तकात मधल्या दोन वर्षांची नोंदच नाही, असं तिला दिसतं. ती नोंद करायचं काम त्या वेळी तिचं होतं.
५. ती घरी मुलीशी बोलते.
६. निरोप समारंभात साहेब जाहीर करतात की कागद मंजूर झाले.

सामग्री चांगली आहे. चूक आहे, बढती आहे, एका माणसाची पेन्शन अडकली आहे. पण चिठ्ठ्यांमधला प्रत्येक शब्द 'मग' आहे. बढती आणि चूक एकमेकींना भिडतच नाहीत. पाचव्या प्रसंगात शालिनी बोलते, ठरवत काही नाही. सहाव्यात साहेब येऊन तिची अडचण परस्पर सोडवतात. पाचवा प्रसंग काढून टाकला तर सहावा जसाच्या तसा उभा राहतो. जो प्रसंग काढल्याने पुढचं काहीच ढळत नाही, तो रचनेत नाहीच, नुसता पानावर आहे.

आता हीच सामग्री पुन्हा बांधू.

१. तुकाराम कागद घेऊन येतो. शालिनी मान वर न करता म्हणते, 'आठवड्यात करून देते.'
२. म्हणून ती सेवापुस्तक उघडते, पण मधली दोन वर्षं कोरी आहेत आणि ते काम तिचं होतं.
३. नोंद नव्याने घ्यायची तर टिपणी वर पाठवावी लागेल, पण ती ज्या साहेबांकडे जाईल त्यांच्याच टेबलावर बढतीची यादी आहे. म्हणून ती आडवाट काढते: तुकारामला त्या दोन वर्षांच्या पगाराच्या स्लिपा आणायला सांगते, म्हणजे नोंद गाजावाजा न होता उरकेल.
४. तुकाराम स्लिपा आणतो, पण त्यांच्यासोबत एक जुना अर्जही निघतो. नोंद राहून गेल्याचं त्याने तेव्हाच लेखी कळवलं होतं. पोच म्हणून खाली शालिनीची सही आहे.
५. म्हणून आता ही नजरचूक राहिलेली नाही. स्लिपा फाइलला लावायच्या हे ठरलेलंच. अर्ज लावायचा की नाही?
६. ती ठरवते, आणि त्याचा परिणाम होतो.

पात्रं तीच, कार्यालय तेच. बदललं इतकंच की प्रत्येक पावलाने पुढचं पाऊल ओढून आणलं. कथानकाला लागणारे खरे घटकही इथे दिसतात: कुणाला तरी काहीतरी हवंय, आड काहीतरी येतंय, माघार घेतली तरी आणि पुढे गेलं तरी काही गमवावं लागणार आहे, निर्णय घ्यावाच लागतो, आणि तो मागे घेता येत नाही. या पाचांपैकी नवोदितांच्या कथांत हमखास गायब असतं ते तिसरं. गमावण्यासारखं काहीच नसेल तर अडथळा म्हणजे नुसती कटकट.

संघर्ष या शब्दाने इथे बरीच दिशाभूल होते. संघर्ष म्हणजे दोन माणसांचं भांडण असं धरून लोक मध्यात एक कडाक्याचा संवाद घालतात. भांडण झालं, आवाज चढले, कोणी दार आपटून निघून गेलं, आणि कथेची स्थिती होती तिथेच. शालिनी आणि तुकाराम एकदाही भांडत नाहीत. तिला दोन गोष्टी हव्या आहेत, बढती आणि तुकारामचं काम, आणि तिसऱ्या प्रसंगानंतर दोन्ही एकत्र मिळण्याची वाट बंद होते. ताण तिथे तयार होतो. अंतर्गत संघर्ष आणि बाह्य संघर्ष असे दोन कप्पे परीक्षेच्या उत्तरात ठीक आहेत. लिहिताना आतला संघर्ष बाहेरच्या एखाद्या कृतीत दिसावा लागतो. इथे ती कृती आहे एक कागद फाइलला लावणं.

चौथा प्रसंग नीट पाहा, कारण कथा सुटते ती बहुधा मध्यात. मध्य भरायला लेखक अडथळ्यांची संख्या वाढवतो: स्लिपा मिळत नाहीत, मग साहेब रजेवर, मग कॉम्प्युटर बंद. सगळे अडथळे एकाच जातीचे, म्हणून दुसऱ्यानंतर वाचकाला तिसरा कळून चुकतो. मध्यात प्रश्नाचं स्वरूपच बदलायला हवं. पहिल्या अर्ध्यात प्रश्न आहे 'नोंद कशी होईल?', अर्ज निघाल्यावर प्रश्न होतो 'ती कबूल करेल का?' हा बदल नव्या माहितीने होतो, आणि माहिती अशी हवी की तिने मागचं सगळं वेगळं दिसायला लागावं. 'आठवड्यात करून देते' हे पहिलं वाक्य आता वाचकाला टोचतं.

अर्ज अचानक निघाला असं वाटू नये म्हणून त्याची पेरणी आधी हवी. पेरणी करताना दोन गोष्टी सांभाळा. पेरलेल्या गोष्टीला त्या जागी दुसरं काहीतरी काम असावं, आणि ती परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यात येऊ नये, कारण शेवटचं वाक्य वाचक लक्षात ठेवतो. पहिल्या प्रसंगात तुकाराम कापडी पिशवीतून कागद काढताना बँकेच्या जुन्या पावत्या, विजेची बिलं, कसले कसले दाखले बाहेर येतात आणि शालिनी वैतागते. वाचकाला तो तिचा उतावीळपणा वाटतो. हा माणूस कागद टाकत नाही, ही माहिती मात्र त्याच्याकडे पोचलेली असते. कथा लहान असेल तर एकदा पेरलेलं पुरतं. कादंबरीत मध्ये शंभरेक पानं जाणार असतील तर एकदा सहज आठवण करून द्यावी.

योगायोगाबद्दलही इथेच सांगतो. योगायोगाने माणूस अडचणीत आला तर वाचक खपवून घेतो, योगायोगाने सुटला तर नाही. बढतीची यादी नेमकी त्याच आठवड्यात आली, हे चालतं. साहेबांची बदली नेमकी त्याच दिवशी झाली आणि शालिनी सुटली, हे चालत नाही.

आता एका प्रसंगाच्या आत. प्रसंग हे रचनेचं सर्वांत लहान पण पूर्ण एकक. त्याला तीन प्रश्न विचारा: या क्षणी कोणाला काय हवंय, ते सहज का मिळत नाही, आणि शेवटी स्थिती सुरुवातीपेक्षा कशाने वेगळी आहे. तिसऱ्याचं उत्तर 'वाचकाला पात्राची ओळख झाली' असं आलं तर तो प्रसंग दुसऱ्या एखाद्या प्रसंगात विरघळवा. ओळख करून देणं हे प्रसंगाचं जोडकाम असतं. प्रसंग शक्य तितक्या उशिरा सुरू करावा आणि काम झाल्याबरोबर सोडावा. शालिनी रिक्षातून उतरते, जिना चढते, पर्स ठेवते, पंखा लावते: यातलं काहीही लागत नाही. तुकारामची पिशवी टेबलावर येते, तिथून सुरू करा.

कुठे प्रसंग रंगवायचा आणि कुठे सारांश द्यायचा, हा निर्णय फार लोक नकळत घेतात. फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी 1972 साली निवेदनाच्या गतीचे चार प्रकार मांडले: विराम, दृश्य, सारांश आणि लोप. विरामात वर्णन चालू आणि काळ थांबलेला. दृश्यात वाचनाचा वेळ आणि घटनेचा वेळ जवळपास सारखा. सारांशात दोन वर्षं दोन ओळींत. लोपात काळ सरळ गाळलेला. कामचलाऊ नियम असा की नेहमीचं आणि अपेक्षित ते सारांशात, ज्याने स्थिती बदलते ते दृश्यात. प्रत्यक्षात उलटं होतं. चहा, प्रवास, हवापाणी तपशीलवार दृश्यात येतं आणि नेमक्या जागी लेखक लिहितो:

'खूप विचार केल्यानंतर शालिनीने खरं सांगायचं ठरवलं.'

कथेतला सर्वांत महागडा क्षण एका वाक्यात उडवला. तोच क्षण दृश्यात असा येईल:

'तिने स्लिपा टॅगमध्ये ओवल्या. गाठ मारली. अर्ज टेबलावर राहिला. टेबलावर ठेवायचा नाही म्हणून तिने तो खणात टाकला, आणि खण बंद करताना तिला अर्जावरची आपली सही दिसली, वेलांटीचा फाटा पार समासात गेलेला. गाठ तिने पुन्हा सोडली.'

यात 'विचार' हा शब्द नाही, 'अपराधी' नाही. टॅग, गाठ, खण या वस्तूंनी काम केलं. सगळी कथा अशी लिहायची गरज नाही, लिहिली तर वाचक गुदमरेल. असे दोन-तीन क्षण पुरतात.

प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर असा धरा. तीन हजार शब्दांच्या कथेत घडी विस्कटणारी पहिली घटना तीनशे ते चारशे शब्दांच्या आत यावी. मुख्य प्रसंग चार ते सहा. प्रश्न बदलणारा प्रसंग साधारण निम्म्यावर किंवा थोडा पुढे. निर्णय शेवटच्या पाचशे-सहाशे शब्दांत, आणि निर्णयानंतरचा मजकूर एकदीड परिच्छेद. कादंबरीत सुरुवात, मध्य आणि शेवट यांची ढोबळ विभागणी पाव, अर्धा, पाव अशी सांगितली जाते. हे मोजमाप खर्डा झाल्यावर लावायचं असतं; लिहिताना शब्द मोजत बसलात तर प्रसंग आखडतात. सुरुवात लांबली आहे का हे पाहायचा झटपट उपाय म्हणजे पहिली दोन पानं झाकून तिसऱ्यापासून वाचणं. कथा समजली तर ती दोन पानं तुमच्या तयारीची होती.

आकृत्यांचं काय? जर्मन लेखक गुस्ताव फ्रायटाग यांनी 1863 साली मांडलेला, कथानकाचा चढ आणि उतार दाखवणारा पिरॅमिड सगळीकडे दाखवतात. ती आकृती त्यांनी नाटकासाठी, मुख्यतः शोकांतिका समोर ठेवून काढली होती, आणि तिच्यात उत्कर्षबिंदू मध्यावर आहे. आज तीच आकृती उत्कर्षबिंदू शेवटाकडे सरकवून छापतात आणि नाव तेच ठेवतात. दोन्हींचा घोळ करू नका. नाट्यशास्त्रातले पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे (मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण), मला कथाकाराला अधिक उपयोगी वाटतात, कारण त्यात विमर्शाला स्वतंत्र जागा आहे: फळ हाताशी आलंय असं वाटत असताना पडणारा खोडा. पुष्कळ कथा गर्भातून, म्हणजे मधल्या टप्प्यातून, थेट निर्वहणात, म्हणजे शेवटात, उडी मारतात आणि म्हणून शेवट फुकट मिळाल्यासारखा वाटतो. त्याच शास्त्रातला 'बिंदू' म्हणजे विषय मध्येच तुटला की मूळ धागा पुन्हा जोडून घेणारं सूत्र. उपकथानकं असलेली कादंबरी लिहिणाऱ्याने तो जरूर पाहावा. जपानी किशोतेनकेत्सु या चार टप्प्यांच्या रचनेत मुख्य जोर संघर्षावर नसून तिसऱ्या टप्प्यातल्या अनपेक्षित वळणावर असतो. शांत, निरीक्षणप्रधान कथा लिहायची असेल तर तिला ओढूनताणून भांडण चिकटवण्यापेक्षा ही रचना बरी. आकृती कुठलीही घ्या, खर्डा झाल्यावर घ्या. आधी आकृती काढून तिच्यात घटना भरल्या की पात्रं आकृतीच्या सोयीने वागू लागतात.

दृष्टिकोन हा घटक लोक भाषेचा प्रश्न समजतात: 'मी' लिहू की 'ती'? खरं तर कोणाला काय केव्हा कळतं, हे त्याने ठरतं. वरची कथा शालिनीच्या नजरेतून असेल तर अर्ज निघणं हा धक्का. तीच तुकारामच्या नजरेतून सांगितली तर अर्ज त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. धक्का जातो आणि वाट पाहणं येतं, ही बाई कधी कबूल करणार? दोन्ही कथा चांगल्या होतील, पण दोन्हींचा मध्य वेगळा लिहावा लागेल. चालणार नाही ते हे, की कथा तुकारामच्या मनातून सांगायची आणि तरी अर्ज वाचकापासून लपवून ठेवायचा. ज्याच्या डोक्यात आपण बसलोय त्याला माहीत असलेली मोठी गोष्ट केवळ कलाटणीसाठी दडवली की वाचक फसवल्यासारखा चिडतो. दुसरा नेहमीचा दोष: परिच्छेद शालिनीच्या मनात सुरू होतो आणि मध्येच 'तुकारामला तिची कीव आली' असं वाक्य येतं. सर्वज्ञ निवेदक ठेवायचा असेल तर तो पहिल्या पानापासून ठेवा. एकाच्या नजरेला बांधून घेतलं असेल तर कीव तुकारामच्या हालचालीत दाखवा किंवा सोडून द्या.

फ्लॅशबॅकबद्दल एवढंच: तो प्रश्नानंतर यावा. सेवापुस्तकातली दोन वर्षं कोरी का राहिली, हे वाचकाला कोरी पानं दिसल्यावर हवं असतं, आधी दिलं तर ती नुसती माहिती असते. जाताना आणि परत येताना एकेक ठोस खूण ठेवा, म्हणजे वाचक काळात चुकत नाही.

शेवटाला दोन हिशेब चुकते करायचे असतात: घटनेचं काय झालं आणि माणसाचं काय झालं. दोन्ही एकाच कृतीत मिटले तर उत्तम. अर्ज फाइलला लागला, टिपणीवर सही झाली, फाइल वर गेली. बढती मिळाली की नाही हे सांगितलं नाही तरी चालतं, कारण निर्णय झालेला आहे आणि त्याची किंमत वाचकाला माहीत आहे. खुला शेवट म्हणजे हे. निर्णयाच्या आदल्या क्षणी कथा तोडून 'वाचकावर सोडलं' म्हणणं ही पळवाट आहे, आणि ती ओळखू येते. आशयसूत्र पात्राच्या तोंडी घालायचा मोह शेवटच्याच परिच्छेदात होतो. तिथे 'कळून चुकलं', 'उमगलं', 'जाणवलं' अशी क्रियापदं दिसली की तो परिच्छेद काढून कथा एकदा वाचून पाहा. बहुधा काही अडत नाही.

दुरुस्तीचा क्रम मात्र पाळा. आधी चिठ्ठ्या आणि त्यांमधले शब्द. मग प्रत्येक प्रसंगाचे तीन प्रश्न. मग दृश्य की सारांश. त्यानंतर दृष्टिकोनातल्या घसरणी. वाक्यं आणि शब्द अगदी शेवटी. उलट क्रमाने गेलात तर घोटून गुळगुळीत केलेला परिच्छेद काढायची वेळ आल्यावर हात धजावत नाही, आणि केवळ सुंदर आहे म्हणून पाचवा प्रसंग कथेत राहून जातो. काढलेले परिच्छेद वेगळ्या फाइलमध्ये ठेवले की काढणं बरंच सोपं जातं.